दाजींचा टायर

आमच्या घरी पाहुणा मुक्कामाला राहिला की सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, पहाटेपासून तुम्ही हे काय भरडताय? भरडत काही नसायचं. मागच्या पडवीत आबांचा चरक सुरू झालेला असायचा. उसाच्या चरकासारखेच एकमेकांना खेटून फिरणारे दोन लोखंडी रूळ, म्हणून घरात त्याला चरक म्हणत. पण त्यात ऊस घालत नसत, रबर घालत. आबा पलटणीच्या वर्कशॉपात झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम शिकले होते. नोकरी पुरी करून आल्यावर त्यांनी कराडात हमरस्त्याच्या कडेला, पुढं दुकान आणि मागं घर, अशी जागा धरली आणि तोच धंदा मांडला. चरक लिलावातून आणलेला. तो ट्रकमधून उतरवायला नाक्यावरची निम्मी माणसं लागली होती. आई दारात उभी राहून बघत होती आणि म्हणाली होती, ह्येच्यापरीस म्हस आनली आसती तर दूध तरी दिलं आसतं. पुढं कितीतरी वर्षं चहाला दूध कमी पडलं की आई काही न बोलता पडवीकडं बघायची आणि आबा काही न बोलता काळा चहा प्यायचे.

रबराच्या लाद्या मलबारहून यायच्या. धुरावर वाळवलेल्या, तपकिरी, पापडांसारख्या एकमेकींवर रचलेल्या. आल्या आल्या घराला चुलीतल्या ओल्या लाकडाचा वास लागायचा. त्या चरकात घातल्या की आधी दगडासारख्या कुरकुरायच्या, मग हळूहळू गरम होऊन नरम पडायच्या. आई कणीक तिंबते तितका वेळ रबर तिंबलं पाहिजे, असा आबांचा नियम होता. मग त्यात तेल, जस्ताची पांढरी पूड आणि पोत्यानं काजळी. काजळीमुळंच टायर काळा असतो आणि काजळीमुळंच तो टिकतो, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. ती काजळी घरात सगळीकडं असायची, नाकात, कानात, उशीवर, मिठाच्या बरणीत. आमच्यातलं कोणी चोरून रडलं तर ते लपायचं नाही, गालावर दोन रेघा उमटायच्या. गंधक सगळ्यात शेवटी पडायचं. ते आधी पडलं तर रबर चरकातच शिजायला लागतं आणि सगळा घाणा उकिरड्यावर जातो. मॅट्रिक झाल्यावर हे गंधक तोलायचं काम माझ्याकडं आलं. कामगारांचा हात सढळ आणि रतनचा हात चिकट, असं आबा चारचौघांत सांगायचे आणि मला ते कौतुक वाटायचं. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, पोरीचे हात असे काळे, उद्या हिला बघायला कोण येणार? आई म्हणायची, काळा हात धुतला की जातो, रिकामा हात कशानं धुवायचा?

जुना टायर घासून खरखरीत करायचा, त्याला सोल्युशन लावायचं, वर रबराची पट्टी गुंडाळायची आणि लोखंडी साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. शिजला की साच्यातली नक्षी टायरवर उतरायची. त्या वाफेच्या बॉयलरला लाकडं लागत, आणि एवढा विस्तव फुकट का घालवायचा म्हणून आई बॉयलरच्या तोंडाशी काही ना काही भाजायला ठेवायची. मक्याची कणसं, रताळी, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, भरताची वांगी. कामगारांसकट आम्ही सगळे टायरांच्या चळतीवर बसून खायचो. त्या वांग्याच्या भरताला किंचित रबराचा वास यायचा, असं बाहेरची माणसं म्हणायची. आम्हाला तो कधी आला नाही. लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा पहिले काही महिने मला भरत अळणी लागायचं. सासूबाईंना वाटायचं, मी मिठाबद्दल बोलते आहे.

आता नखाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमच्या भागात रबर चढवलेला टायर घेताना माणूस आधी त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघायचा. नख रुतलं तर माल कच्चा, नाही रुतलं तर पक्का. ही चाल आबांनीच पाडली होती. धंदा नवा होता तेव्हा गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून ते स्वतः गिऱ्हाइकाचा अंगठा धरून टायरवर टेकवायचे आणि म्हणायचे, नख लागलं तर टायर परत आना. उसाचे ट्रकवाले या बोलण्यावर खूष होते. लादलेला ट्रक, तापलेला रस्ता, त्यांना टिकणारा टायर हवा होता आणि आबांचा टायर टिकायचा. हळूहळू आबांना या नखाचा नाद लागला. दरवर्षी काजळी थोडी वाढायची, गंधक थोडं वाढायचं, टायर आणखी कडक व्हायचा. ट्रकवाल्यांपैकी काहींनी तर अंगठ्याचं नख मुद्दाम राखलं होतं. आबांच्या टायरवर त्यातली कितीतरी मोडली आणि प्रत्येक मोडलेल्या नखाची हकीकत आबा आईला जेवताना सांगायचे.

गणपतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कुंडलचा. आबांनीच त्याला गाडी चालवायला शिकवलं, नदीच्या वाळूत, एका मोडक्या ट्रकवर. मग तो महाबळेश्वरला बाबूशेठकडं टॅक्सीवर लागला. बाबूशेठच्या सात-आठ टॅक्स्या होत्या. सीझनला त्या पाहुण्यांना पॉइंट दाखवत फिरायच्या आणि पावसाळ्यात, हॉटेलं बंद झाली की, साताऱ्यापर्यंत शिटा भरून खालीवर करायच्या. मामा जीव लावणारा माणूस. आला की नाक्यापासूनच भोंगा वाजवायचा आणि गाडीतून मधाची बाटली, करवंदं, हंगामात पानात बांधलेली स्ट्रॉबेरी, असं काही ना काही काढायचा. पण त्याचा सगळ्यात मोठा गुण, किंवा खोड, म्हणजे दाजींची भक्ती. आमच्याकडं बहिणीच्या घरची आमटी खारट झाली तरी भाऊ वाटी चाटून ठेवणार, आणि दाजीचा बैल लंगडा असला तर त्याच्या शिंगांचं कौतुक करणार. दाजीच्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे बहिणीच्या संसाराला नाव ठेवणं. मामानं बाबूशेठच्या मागं लागून सगळ्या टॅक्सींना आबांचेच टायर बसवायला लावले होते, आणि शेठचा अंगठा धरून त्यानंच तो टायरवर टेकवला होता.

त्या वर्षी ऐन पावसात मामा अवेळी आला. भोंगा नाही, गाडी नाही. एसटीनं आला, हात हलवत. आईनं हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली, तर अर्धी भाकरी तशीच ठेवून बसला. आईनं खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला, “आक्का, माझा हात गेला.” केळघरच्या घाटात गाडी त्याच्या हाती राहत नव्हती. वळणाला ब्रेक दाबला की ती ऐकायची नाही, आपल्या मनानं पुढं जायची. शेवटच्या खेपेला कठड्याला जाऊन टेकली. माणसांना काही झालं नाही, पण टपावरची कोंबड्यांची करंडी उघडली, आणि मामा आणि सगळ्या शिटा मिळून दाट धुक्यात घाटभर कोंबड्या धरत फिरल्या. मामा हे मान खाली घालून सांगत होता आणि मला हसू आवरेना. आईनं डोळे वटारले. बाबूशेठनं मामाला स्टेअरिंगवरून उठवून गाड्या धुवायला लावलं होतं आणि दसऱ्यापर्यंत दुसरं काही बघ म्हणून सांगितलं होतं. मला तेव्हा त्यातलं गांभीर्य कळलं नाही, आईला कळलं. ड्रायव्हरचा हात गेला ही बातमी गाडीच्या आधी पुढच्या गावाला पोचते. मग साताऱ्यात, कराडात, सांगलीत, कुठंही त्याच्या हातात कोणी किल्ली देत नाही. आणि मामाला गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं.

आबांनी विचारलं, टायर बघितलास का? मामा पटकन म्हणाला की टायरला कोण बोट लावणार, दाजींचा टायर म्हणजे पोलाद. आबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी घाटात कुठला गिअर टाकावा, वळणाआधी वेग कसा तोडावा, यावर मामाला बराच वेळ ऐकवलं. ज्या घाटात आबा कधी स्वतः गाडी घेऊन गेले नव्हते त्या घाटाबद्दल. मामा पहिलीतल्या पोरासारखा मान डोलवत ऐकत होता.

मामा परत गेला आणि चार दिवसांनी आईनं ठरवलं की आपण जाऊन बाबूशेठच्या हातापाया पडू. आबांना तिनं सांगितलं, भावाला भेटून येते. धपाट्यांची चळत आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधली, सोबतीला मला घेतलं. साताऱ्याच्या स्टँडवर बाबूशेठचीच टॅक्सी उभी होती आणि मामाच्या जागी वाईचा रामू नावाचा ड्रायव्हर होता. आम्हाला तो ओळखत नव्हता. मेढा मागं पडलं, घाट लागला, काचेपलीकडचं काही दिसेना. एका वळणावर धुक्यातून एसटी समोर आली, रामूनं ब्रेक दाबला आणि गाडी आडवी व्हायला लागली.  आईनं माझा दंड असा धरला की बोटांचे वळ पुढं दोन दिवस होते. गाडी कशीबशी दरडीकडच्या गटाराला लागून थांबली. रामू खाली उतरला, पुढच्या टायरला एक लाथ घातली आणि परत येऊन बसत म्हणाला, “ह्यो टायर हाय का वरवंटा? कराडच्या ज्या कुनी केलाय त्येला एकदा ह्या घाटात आनून बसवला पायजे.”

आईनं पदर पुढं ओढला. थोड्या वेळानं तिनं अगदी परक्या बाईसारखं विचारलं, सगळ्या गाड्यांना हाच टायर आहे का. रामूला बोलायला माणूसच हवं होतं. तो म्हणाला, “व्हय की. समद्या डायवरांस्नी ठावं हाय. पन शेठला सांगाया गेलं की आमचा गनपत आडवा पडतो. म्हनतो टायर चांगला हाय, माझाच हात गेलाय. त्येचा दाजी करतोय म्हनं टायर.”  पुढं महाबळेश्वर येईपर्यंत मी आईकडं चोरून बघत होते. तिला राग आलेला होता, पण तो भावाचा की नवऱ्याचा, हे तिचं तिलाच ठरवता येत नसावं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं.

मामा शेडमध्ये डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन गाडी पुसत होता. बाहेर पाऊस असा की धुतलेली गाडी आणि न धुतलेली गाडी यांत काही फरक राहू नये. आईनं सरळ विचारलं. तो आधी कानावर हात ठेवायला लागला, पण आईनं हातातलं फडकं ओढून घेतल्यावर खाली बसला. “आक्का, मी बोललो आसतो तर शेठनं समदं टायर काढून टाकलं आसतं. मेव्हनाच म्हनतोय टायर वाईट हाय, आसं गावोगाव झालं आसतं. माझी डायवरकी गेली तर मी एकटा बसंन. दुकान बसलं तर तुमी समदी बसाल.”  आईनं त्याचं डोकं पदरानं खसाखसा पुसलं, लहानपणी पुसत असेल तसं, आणि धपाट्यांचं फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. बाबूशेठला न भेटताच आम्ही परत फिरलो. उतरताना आईनं एसटीच पकडली.

दुसऱ्या दिवशी चरक सुरू झाला आणि आई पडवीत येऊन म्हणाली, बंद करा. आमच्या घरात मयत झाली तरी घाणा अर्ध्यावर थांबवत नसत. आबांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि थांबवला. एकदम शांत झालं, इतकं की रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली. आई म्हणाली, “आवं, तुमचा टायर घाटात घसरतोय. समद्यांस्नी ठावं हाय. तुमच्या तोंडाकडं बघून गनपत गप बसलाय आन् गाड्या धुतोय.”  भिंतीला टेकवलेला एक नवा टायर आबांनी पुढं ओढला आणि त्यात अंगठ्याचं नख दाबलं. मग दुसरा टायर, मग तिसरा. म्हणाले, नख लागत न्हाई. मी गंधकाच्या तराजूपाशी उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, नख लागत न्हाई, मग रस्ता तरी कसा लागंल?”

आबा टायरवर बसले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते आईकडं बघून एवढंच म्हणाले, “त्येनं मला सांगायचं व्हतं.” टायर वाईट निघाला याचं त्यांना दुःख होतंच, पण त्याहून जास्त या गोष्टीचं होतं की आपण ज्याला वाळूत गाडी शिकवली त्याला आपल्याशी खरं बोलायचा धीर झाला नाही. गालांवर दोन रेघा उमटल्या. कामगार आपापली हत्यारं न्याहाळायला लागले. थोड्या वेळानं आबा उठले, तोंड पुसलं, त्यामुळं ते आणखी काळं झालं, आणि मला म्हणाले, रतन, गंधक निम्मं कर.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार मजेचे दिवस होते, हे आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. काजळी कमी केली, तेल वाढवलं, गंधक घटवलं. पहिला टायर इतका मऊ झाला की साचा उघडल्यावर खरवसासारखा थुलथुलला. दुसरा बरा निघाला. पण बरा म्हणजे किती बरा, हे कळायचं कसं? कराडात घाट नाही, म्हणजे डोंगरातला नाही. नदीचा आहे. कृष्णेच्या घाटावर एका सपाट, शेवाळलेल्या फरशीवर आम्ही दोन टायर नेले, एक जुन्या रबराचा कडक आणि एक नवा मऊ. टायर आडवा टाकून ओढला तर खरा अंदाज येणार नाही, म्हणून आबांनी जुन्या टायरमधून नक्षीकडचे मोठे तुकडे कापून एका पाटाखाली ठोकले. तसाच दुसरा पाट नव्या टायरचा. पाटाला दोर, आणि पाटावर वजन. वजन दोन्ही वेळा तेवढंच पाहिजे, आणि वाळूचं पोतं भिजून जड होतं, म्हणून आबांनी आईला बसवलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. आबांनी आणि मी दोर ओढला, तर जुन्या रबराच्या पाटावरून आई नवरीसारखी सर्रकन पुढं गेली. नव्या रबराच्या पाटाला आम्हाला जोर लावावा लागला, पण शेवटी तोही घसरलाच. आई पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, आता मला उतरू द्या, समदं गाव बघतंय.

ती उतरली आणि दोन्ही पाट बगलेत मारून अनवाणी त्या शेवाळावरून भराभरा पायऱ्या चढून गेली. मी चपला हातात घेऊन, भिंतीला धरून, एक एक पाऊल टाकत होते. तेवढ्यात माझं लक्ष आईच्या टाचांकडं गेलं. आईच्या टाचा म्हणजे वैशाखातली काळी जमीन, भेगाच भेगा. पायऱ्यांवर तिचा पाय पडला की त्या भेगा मिटायच्या आणि उचलला की उघडायच्या, आणि पाय काही हलायचा नाही. मी आबांना हाक मारली. दुकानात गेल्यावर आबांनी चष्मा लावला, आईला स्टुलावर बसवलं आणि तिची टाच हातात घेऊन उजेडाकडं फिरवून फिरवून बघितली. दारात गिऱ्हाईक उभं. आई लाजून अर्धी झाली आणि म्हणाली, लग्नात बी इवढं बघितलं न्हवतं.

आमच्या साच्यातून टायरवर चार सरळ पन्हळी उतरायच्या, नांगराच्या तासांसारख्या. सपाटीवर त्या चांगल्या, पण घाटात त्यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्या पाण्यावर तरंगायच्या. नवा साचा करायची ऐपत नव्हती. मग आबांनी पातं तापवायचं एक हत्यार केलं आणि शिजलेल्या टायरवर मी त्या पट्ट्यांना आडव्या, जराशा तिरक्या, बारीक खाचा पाडल्या, आईच्या टाचेसारख्या. फार खोल गेलं तर रबराचे तुकडे उडतात, उथळ राहिलं तर पाणी निघत नाही. पहिला टायर मी कोबीसारखा चिरून ठेवला. दुसऱ्याला हात बसला. पुन्हा नदीवर गेलो, पुन्हा आई पाटावर. या खेपेला आबा, मी आणि एक कामगार, तिघं ओढत होतो आणि आई जागची हलेना. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजकाल कंपन्यांच्या जाहिरातीत टायरच्या नक्षीला वाघाचं, चित्त्याचं नाव देतात. आमच्या नक्षीचं घरातलं नाव शेवटपर्यंत ‘आईची टाच’ असंच राहिलं, आणि नातवाच्या गाडीचे टायर बघायला त्याच्यासोबत गेले की मी दुकानदाराला सांगते, ही खाच मी तुमच्या जन्माआधी पाडलेली आहे. नातू लाजतो आणि मला गाडीत बसवून येतो.

चार टायर एसटीच्या टपावर टाकून आबा, आई आणि मी महाबळेश्वरला पोचलो. बाबूशेठ शेडमध्ये शेगडीपाशी बसले होते. अंगानं थोर, स्वभावानं वाईट नाही, पण भित्रा माणूस. स्वतःच्या टॅक्सीत बसून पावसाळ्यात घाट उतरल्याचं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर भोवती जमले, मामा मागं बादली घेऊन उभा. शेठनं सवयीनं अंगठा पुढं केला. नख रुतलं आणि रबरावर स्वच्छ कोर उमटली. रामू हसला, बाकीचेही हसले. शेठ म्हणाले, “आबा, ह्यो तर कच्चा हाय. नख लावून बघायचं तुमीच शिकवलंय आमाला.”

आबांनी शब्द फिरवलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. पलटणीतला माणूस. पण सगळ्या ड्रायव्हरांसमोर, मेव्हण्यासमोर, ते मान वर करून बोलले. “शेठ, म्या चुकीचं शिकवलं. सपाटीला ते ठीक हाय, घाटाला न्हाई. ह्यो टायर लवकर झिजंल, ते आत्ताच सांगून ठेवतो. पन ह्यो धरंल. गनपतचा हात गेलेला न्हाई, माझा टायर वाईट व्हता.” मागं बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.  शेठ म्हणाले, असं असेल तर तुम्ही तुमची बायको-पोरगी घेऊन मागं बसा, मी पुढं बसतो. हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, पण तोवर रामूनं जॅक लावला होता.

मामा स्टेअरिंगवर बसायला तयार होईना. हात पुसत नुसता उभा. आई म्हणाली, बस, आणि तो बसला. घाट सुरू झाला. शेठनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. आई माझा दंड शोधत होती, मी तो आधीच लांब ठेवला होता. रामूच्या त्या वळणाच्या अलीकडं उतार चांगला तिखट आहे. तिथं आबा मागून म्हणाले, गणपत, दाब ब्रेक. मामाचे खांदे वर आले. त्यानं दाबला. गाडी रस्त्याला बिलगल्यासारखी जागच्या जागी थांबली. पुढं नाही, आडवी नाही. टपावर पाऊस वाजत होता. बऱ्याच वेळानं शेठनं एक डोळा उघडला आणि विचारलं, थांबलो व्हय? मग दुसरा डोळा उघडून मामाला म्हणाले, “उद्यापास्नं गाडी तूच घे. धुवायला मी दुसरा बघतो.”

 मामानं गाडी पुन्हा सोडली आणि पुढचं वळण असं घेतलं की मला वाटलं, गाडी नव्हे, तोच वळतो आहे. आनंद त्याच्या मानेवरसुद्धा दिसत होता. आबा पुढं वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गनपत, आता खरं सांग. आदला टायर कसा व्हता?”

मामानं आरशातून आईकडं बघितलं. आईनं मान हलवली. “दाजी,” तो म्हणाला, “लय वाईट व्हता.” आणि एकदा बांध फुटल्यावर त्याला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. घसरायचा तर घसरायचाच, पण आवाज करायचा, की मागच्या शिटांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. बारक्या खड्ड्यानंही दात वाजायचे. उन्हाळ्यात असा वास मारायचा की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. डाव्या अंगाला ओढायचा. आणि त्या दिवशी दाजींनी घाटातल्या गिअरबद्दल जे सांगितलं ते सगळं उलटं होतं, तसं कोणी केलं तर गाडी थेट दरीत. शेठ हसत होते, आई पदरात तोंड खुपसून हसत होती. मामा मेढा येईपर्यंत बोलत राहिला, इतक्या वर्षांचं सगळं. आबा एकेका वाक्याला मान डोलवत होते, आणि मामा दम घ्यायला थांबला की पुढं वाकून विचारत होते, “आनि?”